पावसानंतर गुलाब रोडावला?

प्रश्न : घोडबंदर रोडला आठव्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत कलमी गुलाब आहे. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येऊन ती गळाली. आता बुंध्यातून एक जोमदार फांदी फुटली आहे, पण तिला कळी नाही. झाड टाकून द्यावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकू नका. आधी ती जोमदार फांदी कुठून फुटली ते पाहा. डोळा भरलेल्या गाठीखालून, म्हणजे कलमाच्या जोडाखालून आली असेल, तर ती जंगली खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केले त्या झाडाची. नुसती कापलीत तर पुन्हा फुटेल. माती बाजूला करून मुळापाशी ओढून उपटा. एका पानात सात पर्णिका (छोटी पाने) म्हणजे जंगली, हा ठोकताळा दर वेळी खरा ठरत नाही, गाठच बघावी.

काळे ठिपके बुरशीचे. पाने तासन्‌तास ओली राहिली की ती पसरते, म्हणून पाणी सकाळी आणि मातीलाच द्या. गळालेली पाने कुंडीत कुजू देऊ नका.

छाटणी पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास. वाळक्या फांद्या आतला गाभा पांढरा-हिरवट दिसेपर्यंत कापा. तपकिरी भाग राहिला तर मर (फांदी शेंड्याकडून वाळत जाणे) खाली उतरते. बाहेर वळलेल्या डोळ्याच्या (फुटव्याच्या कोंबाच्या) पाव इंच वर तिरका काप घ्या, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात.

कुंडी किमान 12 इंची हवी. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड रेती. शेणखत मात्र पुरते कुजलेलेच, नाहीतर हुमणी (मुळे खाणारी अळी) आलीच! ऊन पाच तासांपेक्षा कमी असेल, तर फुलांची फार आशा नको.