आंब्याचा पैसा गणपतीपर्यंतही पुरत नसेल, तर घरखर्चाचा मेळ कसा घालावा?

बागायतदाराच्या हाती पैसा मुख्यतः मार्च ते मे या काळात येतो आणि खर्च मात्र बारा महिने चालतो. त्यामुळे नोकरदारांसाठी सांगितलेले महिन्याचे अंदाजपत्रक कोकणात बसत नाही, वर्षाचेच मांडावे लागते. दलालाकडून पट्टीचे, म्हणजे विकलेल्या आंब्याच्या हिशेबाचे, पैसे आले की प्रथम खत, फवारणी, मजुरी आणि खोक्यांची उधारी फेडावी. त्यानंतर पावसाळ्याची बेगमी, जूनमधील शाळेचा खर्च आणि गणपती यांसाठीची रक्कम वेगळी काढावी, कारण बहुतेक घरांचा हिशेब याच तीन ठिकाणी कोलमडतो. (चाकरमानी घरी आल्यावर हात आखडता घेणे कुणालाच जमत नाही, तेव्हा तो खर्च गृहीत धरलेलाच बरा.) उरलेल्या रकमेला बाराने भागून येणारा आकडा हाच घरचा पगार समजावा आणि दरमहा तेवढाच पैसा खात्यातून काढावा.

बचतीसाठी पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव सोयीची आहे: दरमहा किमान १०० रुपये भरावे लागतात आणि किमान सहा हप्ते एकदम आगाऊ भरल्यास थोडी सूटही मिळते, म्हणजे मे महिन्यातच पुढच्या हप्त्यांची चिंता मिटते.

जास्त व्याजाच्या मोहाने सगळी पुंजी एखाद्या पतसंस्थेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, प्रत्येक बँकेत प्रतिठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू होत नाही.