दगडी पाट्यांचं छत, वरचा मजला आणि सरकारी अनुदान

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ग्वाल्हेरच्या जनकगंजातलं जुनं घर, वरच्या मजल्यावर सासू-सासरे, छत दगडी पाट्यांचं, आणि मे महिन्यात मध्यरात्र उलटली तरी खोली निवत नाही. त्यात एक एजंट ‘गर्मीचं सरकारी अनुदान मिळवून देतो’ म्हणून दोन हजार आगाऊ मागतोय.

त्याला एक रुपयाही देऊ नका. राहतं पक्कं घर उन्हापासून गार ठेवायला थेट पैसे देणारी केंद्राची योजना नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख मिळतात, पण ते वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला. तुमच्या उपयोगाचं नाही.

तुमच्या कामाचा पैसा विजेच्या योजनेत आहे. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली आणि २०२६-२७ पर्यंत चालणार आहे. छतावर सोलर लावला की पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, आणि लोक इथेच फायदा मोजायला विसरतात: तेवढ्या छतावर दिवसभर थेट ऊन पडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजलं होतं. पॅनेलखालच्या छतात शिरणारी उष्णता ३८ टक्क्यांनी कमी भरली. आपल्या पाट्या दिवसभर ऊन पितात आणि रात्री खाली सोडतात, त्यामुळे सावलीची गरज आपल्यालाच सगळ्यात जास्त. शिवाय बिल उतरलं की म्हातारी माणसं कूलर बंद करून घामात पडून राहत नाहीत. हे मला सबसिडीइतकंच मोलाचं वाटतं.

आता खरी अडचण. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत मीटर बहुधा आजोबांच्या नावावर असतो, आणि आजोबा जाऊन वीस-वीस वर्षं झालेली असतात. गच्ची तीन भावांची, त्यातला एक पुण्याला. अर्ज वीजजोडणीच्या ग्राहक क्रमांकावर होतो आणि सबसिडी ग्राहकाच्याच बँक खात्यात येते, म्हणून बिलावरचं नाव आणि खातेदाराचं नाव जुळायला हवं. आधी मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात नामांतरण करून घ्या. मृत्यू दाखला, वारसांचं ना-हरकत पत्र आणि संपत्ती कराची पावती जवळ ठेवा. गच्ची सामाईक असेल तर भावांची संमती स्टॅम्प पेपरवर घ्याच. तोंडी ‘हो’वर पॅनेल चढलं आणि पुढे वाटणीच्या वेळी घरात कायमचा अबोला झाला, असं आपल्याच लोकांत पाहिलंय.

नाव लागलं की पुढचं सोपं आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, तिला पैसे पडत नाहीत. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी अर्ज अडवत नाहीत. वेंडर, म्हणजे सोलर बसवून देणारा, पोर्टलवरच्या यादीतलाच घ्या आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे आहेत हे बिलावर लिहून घ्या, नाहीतर सबसिडी अडते. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसून कंपनीची तपासणी झाली की पोर्टलवर बँकेचा तपशील भरायचा. सबसिडी नंतर येते, म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. त्यासाठी सरकारी बँका तारण न घेता कमी व्याजाचं कर्ज देतात. ‘सबसिडी माझ्या खात्यात वळवा, मी स्वस्तात लावतो’ म्हणणारा वेंडर दारात उभा करू नका.

पाट्यांच्या छतासाठी एक गोष्ट मात्र अगदी काटेकोर पाळा. पाटीला ड्रिल लावू देऊ नका. भोक पडलं की तिथून तडा जातो आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत धार लागते. स्ट्रक्चरचे पाय भिंतीच्या किंवा गर्डरच्या रेषेवरच यायला हवेत, दोन गर्डरच्या मधोमध नाही. त्यासाठी आधी खालून गर्डर कुठे आहेत ते बघून वर खडूने रेघा मारून घ्या. पॅनेल थोडं उंच असेल तर खालून वारा खेळतो आणि छत जास्त गार राहतं, पण आपल्याकडे मे-जूनमध्ये आंधी कशी येते ते ठाऊक आहे. उंची वाढवायची तर वाऱ्याचा जोर इंजिनिअरकडून तपासून घ्या.

यात महिने जातात, म्हणून नौतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी चुना मारूनच घ्या. त्याला अनुदान नाही, पण खर्चही फार नाही. गच्ची झाडून धुवायची, भेगा भरायच्या, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात फेविकॉल घालून संध्याकाळी दोन हात द्यायचे. पांढऱ्या छताखाली खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. पावसात चुना उतरतो, दरवर्षी मारावा लागतो. उष्णता परावर्तित करणारा पेंट महाग, पण काही वर्षं टिकतो. पॅनेल लागल्यावरही उघडी राहिलेली गच्ची पांढरीच ठेवा.

खालच्या भाडेकरूंबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यांना यातलं काहीच मिळत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मालकी नाही, गच्ची नाही, मीटर मालकाचा. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी आणि टिनाखाली राहणारी कुटुंबंच सगळ्यात जास्त भाजून निघतात. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायलाही घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. राज्यांना आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, त्यात लू, म्हणजे उष्णतेची लाट, बसू शकते. म्हणून वस्तीतल्या छतांना चुना नगर निगमने द्यावा, असा अर्ज आम्ही काही जणी मोहल्ल्यातर्फे पार्षदांकडे देतोय. तुमचीही सही हवी.

सध्या बिलावर कुणाचं नाव आहे आणि गच्चीचे हिस्सेदार किती, तेवढं इथे लिहा. ना-हरकत पत्राचा मसुदा पाठवते.