म्यानमार : बोलणी सुरू होतात, मग अडतात कुठे?

म्यानमारच्या लष्कराशी विरोधकांची राजकीय तडजोड होऊ शकते का, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : १९९० ची निवडणूक लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकली होती. मग सत्ता मागायची सोडून त्यांनी 'संवाद' का मागितला?

२७ मे १९९० च्या मतदानात नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीला (एनएलडी) ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. राजवटीने हा निकाल रद्द केला नाही, त्याचा अर्थ फिरवला. २७ जुलैच्या १/९० क्रमांकाच्या घोषणेत सांगितलं गेलं, की निवडून आलेल्यांनी राज्यघटना तयार करायची. कायदा, कारभार आणि न्याय यांचे अधिकार तोवर लष्करी परिषदेकडेच राहतील. दोनच दिवसांनी यांगूनच्या गांधी हॉलमध्ये एनएलडीच्या लोकप्रतिनिधींनी सप्टेंबरात संसद बोलावण्याची मागणी केली. ती संसद कधी भरलीच नाही. एकाकडे जनादेश, दुसऱ्याकडे फौज आणि दोघांनाही दुसऱ्याचा दावा अमान्य. अशा कोंडीत बोलण्याशिवाय मार्ग नव्हता. १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावांत या संवादात वांशिक गटांचे प्रतिनिधीही असावेत असं म्हटलं जाऊ लागलं. 'त्रिपक्षीय संवाद' म्हणतात तो हाच.

प्रश्न : लष्कराने घटना बनवण्यासाठी राष्ट्रीय परिषद बोलावली होती. त्यातून बाहेर पडून एनएलडीने संधी घालवली असं वाटत नाही का?

नाही वाटत. त्या परिषदेची रचना पाहिली की कारण कळतं. जानेवारी १९९३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सुमारे ७०० प्रतिनिधी होते आणि १९९० मध्ये निवडून आलेले त्यांत शंभरच्या आसपास. बाकीचे शेतकरी, कामगार, बुद्धिजीवी, सरकारी नोकर, 'निमंत्रित' अशा गटांतून राजवटीनेच निवडलेले. देशाच्या राजकीय नेतृत्वात लष्कराचा वाटा राहील, हे उद्दिष्ट परिषद भरण्याआधीच ठरलं होतं. म्हणजे ज्या मुद्द्यावर भांडण होतं, तोच चर्चेच्या बाहेर. भाषण आधी लेखी सादर करून मंजूर करून घ्यावं लागे. नोव्हेंबर १९९५ मध्ये एनएलडीने कार्यपद्धती बदलण्याची मागणी केली, ती नाकारल्यावर बहिष्कार घातला आणि राजवटीने लगेच तिच्या प्रतिनिधींना काढून टाकलं. जून १९९६ मध्ये ५/९६ हा कायदा आला. परिषदेच्या कामाला बाधा आणणाऱ्याला, त्यावर टीका करणाऱ्यालाही, वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास. याला घटना समिती कसं म्हणणार?

परिषद १९९६ मध्ये थांबली, मे २००४ मध्ये यांगूनच्या उत्तरेला न्यौंगनापिनच्या छावणीत एनएलडीशिवाय पुन्हा भरली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आटोपली. नर्गिस चक्रीवादळ २ मे २००८ ला आलं आणि १० मे ला बहुतेक देशात नव्या घटनेवरचं सार्वमत उरकण्यात आलं. इरावतीच्या खोऱ्यात तेव्हा प्रेतंही उचलली गेली नव्हती.

प्रश्न : गुप्त बोलणी उघड बोलण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात का?

सुरुवातीला पडतात. ऑक्टोबर २००० मध्ये नजरकैदेतल्या सू ची यांच्याशी राजवटीची बोलणी गुपचूप सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांचे दूत, मलेशियाचे रझाली इस्माईल यांच्यामार्फत ती जानेवारी २००१ मध्ये जगाला कळली. मे २००२ मध्ये सू ची सुटल्या. पण कशावर काय ठरलं, याचा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला कागद पुढे आला नाही. ३० मे २००३ ला देपायिनजवळ त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा कैदेत गेल्या. तीन महिन्यांनी पंतप्रधान खिन न्युंट यांनी लोकशाहीकडे जाण्याचा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनाच हटवून अटक झाली. समोर बसणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द फौज पाळते का, हे आधी तपासावं लागतं. इथे तो शब्द राजवटीचे प्रमुख थान श्वे यांचा होता आणि ते टेबलावर नव्हते.

प्रश्न : २०११ नंतर तर जमलं होतं. मग २०२१ मध्ये सगळं का कोसळलं?

१९ ऑगस्ट २०११ ला राष्ट्राध्यक्ष थेन सेन आणि सू ची राजधानी नेपिडोत भेटले, कैदी सुटू लागले, एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकांत एनएलडीने ४५ पैकी ४३ जागा जिंकल्या. हे यश खरं होतं. पण तडजोड २००८ च्या घटनेच्या आत झाली, घटनेवर झाली नाही.

तिचं गणित पाहा. दोन्ही सभागृहं मिळून ६६४ सदस्य. त्यांतले १६६ सरसेनापतींनी नेमलेले, निवडून येणारे ४९८. घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात, म्हणजे किमान ४९९. निवडून आलेले सर्वच्या सर्व एकत्र आले तरी एक मत कमी! महत्त्वाच्या कलमांसाठी त्यावर सार्वमतही हवं. जून २०१५ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला, तो पडला. गृह, संरक्षण आणि सीमा ही खाती तर सरसेनापतींच्याच माणसांकडे. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने नेमलेले उपाध्यक्ष मिंट श्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी आणीबाणीच्या कलमाखाली सत्ता सरसेनापती मिन आँग लाईंग यांच्या हाती दिली. उठावाची वाट घटनेतच ठेवलेली होती.

प्रश्न : वांशिक सशस्त्र संघटनांशी वेगळे करार करून लष्कर शांतता आणू शकत नाही का?

तात्पुरती आणू शकतं. तेच त्याचं जुनं तंत्र आहे. एका सीमेवर शस्त्रसंधी करायची आणि मोकळी झालेली फौज दुसऱ्या सीमेवर न्यायची. उत्तरेतल्या काचिन लोकांच्या सशस्त्र संघटनेबरोबर १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली, राजकीय प्रश्न मात्र 'घटना झाल्यावर बघू' म्हणून बाजूला ठेवला. घटना झाल्यावर त्यांना सीमा रक्षक दल बनून लष्कराच्या हाताखाली यायला सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि जून २०११ मध्ये सतरा वर्षांची शस्त्रसंधी मोडली. ऑक्टोबर २०१५ च्या देशव्यापी शस्त्रसंधी करारावरही आठच संघटनांच्या सह्या झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये चीनच्या मध्यस्थीने कुनमिंगमध्ये तीन संघटनांच्या आघाडीशी समझोता झाला, तो जूनपर्यंत टिकला. १९४७ च्या पांगलाँग करारात डोंगराळ भागांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता द्यायचं तत्त्व मान्य झालं होतं. ते बाजूला ठेवून केलेली शस्त्रसंधी टिकत नाही.

प्रश्न : लष्कराला माफी देऊन प्रश्न सुटेल का?

१९८८ नंतरच्या लष्करी परिषदांच्या सदस्यांवर कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्यांसाठी कारवाई करता येणार नाही, हे घटनेच्या ४४५ व्या कलमात आहेच. माफी हातात असूनही २०२१ चा उठाव झाला. म्हणून माफी आगाऊ देऊ नये. ती बराकीत परतण्याच्या टप्प्यांशी बांधावी आणि सामूहिक हत्यांना तिच्यातून वगळावं.

प्रश्न : आता बोलणी सुरू करायची तर सुरुवात कुठून?

एप्रिल २०२१ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने जकार्तात पाच मुद्दे ठरवले : हिंसा थांबवणं, सर्व पक्षांत चर्चा, दूताची मध्यस्थी, मदतसामग्री, दूताने सर्वांना भेटणं. कोणत्याही मुद्द्याला तारीख नव्हती आणि मोडल्यास काय, हेही नव्हतं. आसियानचं अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, त्याबरोबर दूतही बदलतो. नव्या दूताला ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पहिले दूत, ब्रुनेईचे एरिवान युसूफ, यांना सू ची यांना भेटू दिलं नाही, म्हणून त्यांनी दौराच रद्द केला. जुलै २०२२ मध्ये राजवटीने चौघांना फाशी दिली, त्यांत एनएलडीचे माजी खासदार फ्यो झेया थॉ होते. राजवट आणि विरोधक, दोन्ही बाजूंनी एकमेकांना दहशतवादी ठरवलं आहे, त्यामुळे भेटणं हाच आपापल्या कायद्याने गुन्हा होतो. तेव्हा भेटीला येणाऱ्यांना अटकेपासून लेखी संरक्षण आधी हवं.

त्यानंतर कैद्यांची यादी. ती तिसऱ्या पक्षाने तपासावी, नाहीतर चोर-भामटे सोडून राजकीय कैदी सोडल्याचं दाखवलं जातं. पाठोपाठ हवाई हल्ले सगळ्या आघाड्यांवर एकाच दिवशी थांबले पाहिजेत, कारण हे अस्त्र एकाच बाजूकडे आहे आणि त्याचं उल्लंघन लपवताही येत नाही. दूत निदान तीन वर्षं एकच राहावा. आणि विषयपत्रिकेवर पहिल्या दिवसापासून लष्कराच्या संसदेतल्या २५ टक्के राखीव जागा, तीन खाती आणि संघराज्य हे तीन मुद्दे असावेत; 'विश्वास निर्माण झाल्यावर' ते घेऊ असं कुणी सुचवलं, तर १९९३ ची परिषद आणि १९९४ ची शस्त्रसंधी त्यांच्यासमोर ठेवावी.