शाळेत प्रयोगशाळा नाही, मुलांना खडक कसे शिकवू?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की विषय तुमचा मराठी, पण सहावी-सातवीचा भूगोलही तुमच्याच गळ्यात आलाय आणि ‘अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित’ म्हटलं की वर्ग जांभया देतो. देणारच. तो तक्ता पाहून मलाही झोप येते, आणि मी तर भूशास्त्रावरच पोट भरलं. आता निवृत्तीनंतर बोलावतील त्या शाळेत जातो, त्या अनुभवावरून सांगतो.

तक्ता आठवडाभर कपाटात ठेवा. जवळच्या बांधकामावरून ओंजळभर गिट्टी मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. आपल्याकडची गिट्टी म्हणजे बहुतेक फोडलेला बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला अग्निजन्य खडक. मुलांना सांगा, छिद्रं असलेले खडे शोधा. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, ती ही छिद्रं. काहींत पांढरं काहीतरी भरलेलं असतं. तिथे लिंबाचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट नावाचं खनिज, नाही आले तर झिओलाइट किंवा क्वार्ट्‌झ असण्याची शक्यता जास्त. ‘माझ्या दगडाला आले, तुझ्या नाही’ यावरून पोट्टे असे भांडतात की तास संपल्याची घंटाही ऐकू येत नाही. भांडू द्या. नावं मागाहून सांगितली तरी काही बिघडत नाही.

मग नागपूरचा नकाशा काढा. दख्खनच्या लाव्ह्याचा सलग पसारा आपल्याच आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तिथून पश्चिमेला काटोलकडे बेसाल्ट आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. कामठीकडे वळलात की वालुकाश्म, म्हणजे वाळू साचून झालेला गाळाचा खडक. कामठी, सिल्लेवाडा भागात जमिनीखाली कोळसा आहे, तो त्याच जुन्या, पंचवीस कोटी वर्षांच्या आगेमागच्या काळातला. उत्तरेला मनसर-कांद्रीचं मँगनीज ज्या रूपांतरित खडकांत सापडतं, ते याहूनही कितीतरी जुने. म्हणजे तक्त्यातले तिन्ही प्रकार एका जिल्ह्यात, एसटीच्या अंतरावर. पुण्या-साताऱ्याच्या शिक्षकांनी हेवा करावा असं आहे हे, त्यांना पाहावं तिकडे बेसाल्टच!

पण मुलांना सगळ्यात धरून ठेवते ती टाकळीची गोष्ट. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं. ज्यांच्या नावाचं ते, ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून इथे आलेले पाद्री. शाळा चालवायचे आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचे. आता शहरातच आलेल्या टाकळीत, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये, त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गाळाचा पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि झाडांची फळं-बिया होत्या, सगळं दगड झालेलं. इथे थांबा आणि विचारा, ‘लाव्ह्याच्या मधोमध गोगलगाय आली कुठून?’ उत्तर अजिबात सांगू नका. कोणी म्हणतं वाहून आली, कोणी म्हणतं वरून पडली. शेवटी कोणीतरी म्हणतंच, ‘सर, मध्ये लाव्हा थांबला असेल.’ बरोबर. थांबला, तळी साचली, झाडं उगवली, गोगलगायी नांदल्या, आणि मग पुन्हा लाव्हा आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा सगळा कारभार. तळ्याकाठचा एखादा रिकामा शंख वर्गात फिरवलात तर आणखी रंगतं.

‘6.6 कोटी कशावरून?’ हे कोणीतरी विचारेलच. सांगा की बेसाल्टमधल्या पोटॅशियमचा थोडासा भाग अतिशय सावकाश आरगॉन वायूत बदलत असतो. दगड थिजला की तो वायू आत अडकतो. किती साठला ते मोजायचं, बदलाचा वेग ठाऊक असतोच, मग वय निघतं. सातवीला एवढं पुरे.

सहल काढलीत तर टेकडीवर न्या, रस्त्यासाठी कापलेल्या कडेला न्या. जुन्या खदानीत मात्र नको. तिथलं पाणी वरून उथळ दिसतं, पण कडा सरळ खाली गेलेली असते. दगड हवेत तर गिट्टीवाल्याकडेच जा.