आफ्रिकेत संशोधन संस्थांच्या भागीदारीमुळे शेती आणि अन्नव्यवस्था खरोखर टिकाऊ होऊ शकते का?

होऊ शकते; मात्र त्यासाठी प्रत्येक संस्थेकडे स्वतःचे असे काम हवे आणि शेतकऱ्याला केवळ लाभार्थी मानता कामा नये. पूर्व आफ्रिकेतील ‘पुश-पुल’, म्हणजे किडीला पिकापासून दूर ढकलून कडेच्या गवताकडे ओढण्याची पद्धत, हे मला याचे सर्वांत भक्कम उदाहरण वाटते. १९९०च्या दशकात नैरोबीची ‘इसिपे’ ही कीटकविज्ञान संस्था, वनस्पतींच्या गंधरसायनांचा अभ्यास असलेली इंग्लंडची रोथमस्टेड संस्था आणि केनियाची राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था यांनी मक्यावरील खोडकिडीचा प्रश्न एकत्र हाती घेतला. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय चारावनस्पती लावली, की तिच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर राहतात आणि शेताच्या कडेच्या नेपियर गवतावर अंडी घालतात. तिथे बहुतेक अळ्या गवताच्या चिकट स्रावामुळे जगत नाहीत. डेस्मोडियमच्या मुळांतील स्राव टारफुल्यालाही रोखतात, ही गोष्ट प्रत्यक्ष शेतात काम करतानाच लक्षात आली. (या परोपजीवी तणाचा उपद्रव आपल्या ज्वारी उत्पादकांना नव्याने सांगायला नको.) शिवाय जमिनीला नत्र मिळते आणि गाईंना चारा.

पुढे कोरड्या भागांसाठी पाण्याचा ताण सोसणारे डेस्मोडियम आणि ब्रॅकिॲरिया गवत निवडले गेले, आणि माझ्या मते भागीदारी दीर्घकाळ टिकण्याचा खरा फायदा हाच आहे. अडचण बियाण्याची आहे: डेस्मोडियमचे बी महाग पडते आणि सर्वत्र मिळत नाही, म्हणून अनेक शेतकरी शेजाऱ्याच्या शेतातील वेलांचे तुकडे आणून लागवड करतात.