माहेरचे दार बंद झाल्यावर

प्रश्न : माझा जन्म नगर जिल्ह्यातील एका जुन्या ख्रिस्ती घराण्यात झाला. वडील अनेक वर्षे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंच कमिटीवर होते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून काही वर्षांपूर्वी मी सासर सोडले आणि पुढे न्यायालयातून घटस्फोट घेतला. त्या दिवसापासून वडिलांनी आणि भावांनी माझ्याशी संबंध तोडला आहे. धाकट्या भावाचे लग्न झाल्याचे मला गावातल्या इतरांकडून कळले. आई फोन उचलते, पण बोलत नाही. मी पुण्यात नोकरी करते आणि एकटी राहते. या सगळ्या काळात स्तोत्रे आणि प्रार्थना यांनीच मला तारले. परंतु एक मैत्रीण म्हणाली, ‘घर राहिले नाही म्हणून तू देवाला धरलेस.’ तेव्हापासून हा दिलासा खरा आहे की मनाने करून घेतलेली सोय, असा प्रश्न मला छळतो. उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना माझा आवाज फुटत नाही. नाताळला घरी जाऊन वडिलांची क्षमा मागावी, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे, असे नातेवाईक सांगतात. मी काय करावे?

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. घर राहिले नाही म्हणून देवाकडे वळलेली माणसे पवित्र शास्त्रात पानोपानी भेटतात. हागार ही मिसरी दासी. अब्राहामाची पत्नी सारा हिच्या जाचामुळे ती गरोदरपणी रानात पळाली आणि तिथे झऱ्याकाठी तिला देव भेटला, तेव्हा तिने ‘मला पाहणारा देव’ असे त्याचे नाव ठेवले. पुढे अब्राहामाने तिला भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन मुलासह घराबाहेर काढले, तेव्हाही त्या मुलाचा आवाज देवाने ऐकला. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायाचे तर आपण पुन्हा सावकाश वाचन करावे, असे मी सुचवीन. जन्मांध माणसाला येशूमुळे दृष्टी आल्यावर त्याच्या आईवडिलांना चौकशीसाठी बोलावले जाते आणि सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने ते म्हणतात, ‘तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा.’ मुलगा आपला आहे हे ते नाकारत नाहीत. फक्त त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत. आपल्या आईचे फोन उचलून गप्प राहणे मला याच जातीचे वाटते. त्या माणसाला बाहेर घालवल्याचे ऐकल्यावर येशू स्वतः त्याला शोधून काढतो.

दिलासा खरा की सोय, याची माझी कसोटी साधी आहे. सोय माणसाला विसरायला लावते. ती म्हणते, झाले ते बरेच झाले, आता रडू नकोस. स्तोत्रसंहिता असे कधीच म्हणत नाही. सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबापांनी सोडले तरी परमेश्वर जवळ करील, असा विश्वास आहे. पण त्याच संग्रहात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही आहे, ज्यात आप्तमित्र दूर गेल्याचे दुःख आहे आणि ज्याचा शेवट अंधाराच्या उल्लेखाने होतो. त्यात अखेरच्या ओळीपर्यंत उजेड येत नाही, तरीही ती प्रार्थना आहे आणि मंडळीने ती शतकानुशतके जपली आहे. प्रार्थना केल्यावर आपले दुःख नाहीसे होते, असे आपण कुठेही लिहिलेले नाही. प्रार्थनेने तारले, एवढेच लिहिले आहे. ज्या देवासमोर दुःख लपवावे लागत नाही, त्याच्याजवळ मिळणाऱ्या दिलाशाला मी मनाची सोय म्हणणार नाही.

‘पित्या’ हा शब्द उच्चारवत नसेल तर तूर्त उच्चारू नये. बाकीची मंडळी तो म्हणत असताना आपण शांत राहिलात, तरी ती प्रार्थना आपलीच राहते, कारण तिची सुरुवातच ‘आमच्या’ अशी, सगळ्यांना धरून आहे. यशया संदेष्ट्याने एके ठिकाणी विचारले आहे की आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय, आणि पुढे देवाच्या तोंडी उत्तर घातले आहे की ती विसरली तरी मी विसरणार नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात आई मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे वचन आहे. आपल्याच नगरच्या मंडळीत वावरलेल्या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माय आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळवले. ही हाक मराठी उपासनेला परकी नाही.

आता आज्ञेविषयी. आईबापांचा मान राखणे म्हणजे त्यांच्याविषयी खोटे न बोलणे, वार्धक्यात किंवा आजारपणात ते अडले तर शक्य ती मदत करणे, त्यांचे वाईट न चिंतणे. मारहाण होते त्या घरात परत जाणे, किंवा जीव वाचवल्याबद्दल क्षमा मागणे, असा तिचा अर्थ मी कदापि मान्य करणार नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल ही आज्ञा उद्धृत करतो आणि लगेच बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. नातेवाईक पहिले वाक्य वाचून पुस्तक मिटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या वडिलांच्या पिढीचा विचार करताना एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. 1869 च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. संसदेने ही तरतूद 2001 मध्ये बदलली. त्याआधी संसार उभारलेल्या अनेकांच्या मनात ‘सोसले पाहिजे’ ही समजूत कायद्याच्या आणि धर्माच्या दुहेरी धाग्याने विणली गेली आहे. त्याने त्यांचे वागणे योग्य ठरत नाही.

क्षमा आणि समेट यांत मी फरक करते. क्षमा आपल्या अंतःकरणात, आपल्या गतीने होते आणि तिला वर्षे लागू शकतात. समेटाला दोन्ही बाजू लागतात. भावांनीच गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने पुढे त्यांना पाहताच मिठी मारली नाही. त्याने ओळख लपवली, बाजूला जाऊन रडला, त्यांची पारख केली, आणि धाकट्या बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला भाऊ यहूदा तयार झाल्याचे पाहिल्यावरच तो म्हणाला, ‘मी योसेफ आहे.’ रोमकरांस पत्रातही सर्वांशी शांतीने राहण्याची सूचना ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ या मर्यादेतच दिलेली आहे.

एक गोष्ट मी आपल्यापेक्षा आपल्या मंडळीला उद्देशून लिहीत आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढ्यांतील कितीतरी जणांना घरच्यांनी टाकले होते. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांच्या तीव्र विरोधात. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभे केले ते विधवांसाठी, दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी, ज्यांना कोणाच्याच घरात जागा नव्हती अशा स्त्रियांसाठी. ज्या समाजाचा पाया घराबाहेर पडलेल्यांनी घातला, त्याच समाजातल्या पंचाने लेकीला दाराबाहेर ठेवावे, हे मला फार लागते. घरदार सोडावे लागलेल्याला शंभरपट भाऊबहिणी आणि आया मिळतील, असे येशू मार्काच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. ते वचन आकाशातून पुरे होत नाही. मंडळीतील कोणीतरी रविवारी आपल्याला घरी जेवायला नेते, आजारपणात डबा आणते, तेव्हा ते पुरे होते.

म्हणून आपण पुण्यातील आपल्या मंडळीच्या पाळकांना, किंवा अधिक मोकळे वाटत असेल तर महिला मंडळातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना, ही हकिकत सांगावी. आपल्या परवानगीशिवाय ती गावाकडे जाऊ नये, ही अट आधीच घालावी. ऐकणाऱ्याने लगेच समेटाचा आग्रह धरला, तर दुसऱ्या व्यक्तीकडे जावे. झोप उडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांचीही मदत घ्यावी. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

यंदाच्या नाताळला घरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, आपल्याला अपराधी ठरवणे त्यांना फार सोपे जाईल. आईला मात्र एक छोटे पत्र लिहावे. त्यात घटस्फोटाचे समर्थन नको, वडिलांची तक्रार नको, क्षमायाचनाही नको. आपली प्रकृती कशी आहे, नोकरी कशी चालली आहे, कोणत्या मंडळीत जाता, एवढे कळवावे आणि आपला पत्ता ठळक अक्षरांत लिहावा. उत्तर आले नाही तर पुढच्या सणाला, मनात असेल तर, पुन्हा लिहावे.