टीपीएनच्या पिशव्या ‘प्रोटीन सप्लिमेंट’ म्हणून नाकारल्या असतील तर

ताई, सासऱ्यांचं आतडं काढावं लागलं, टीपीएन (तोंडाने खाता येत नाही म्हणून थेट शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण) सुरू आहे आणि विमावाल्यांनी त्या पिशव्यांची रक्कम ‘प्रोटीन सप्लिमेंट, नॉन-पेएबल’ म्हणून कापली, हे वाचून डोकं तापलं. माझ्या भावाच्या फाइलवर अगदी हाच शेरा होता.

टीपीएनबद्दल बाकी डॉक्टरांनी सांगितलं असेलच. आमचा जीव खाल्ला तो टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मधल्या संस्थेच्या ऑफिसने. फोन केला की मेल करा, मेल केला की हॉस्पिटलच्या डेस्कला विचारा, डेस्क म्हणणार कट वरूनच झालाय. बिलात ‘अमिनो ॲसिड’ (प्रोटीनचे घटक) दिसलं आणि कुणीतरी ते जिमच्या प्रोटीन पावडरच्या डब्यांच्या रांगेत बसवलं! डिस्चार्ज अडलेला, पैसे भरावेच लागले.

उपयोगी पडलं ते टीपीएनच्या बाटलीचं किंवा पिशवीचं लेबल. पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा नंबर असतो. या बाटलीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि शिरेतून देण्याची सूचना असते. हे इंजेक्शन आहे. सिस्टरना विनंती करून आजच रिकाम्या पिशवीच्या लेबलचा फोटो मिळवा. आयसीयूच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: तोंडाने किंवा नळीने अन्न का देता येत नाही, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कधी टाकली, रोज किती ग्रॅम अमिनो ॲसिड दिलं. ‘न्यूट्रिशनल सपोर्ट’ एवढंच मोघम लिहून घेऊ नका.

हे सगळं टीपीएला नाही, थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. आमची बरीचशी रक्कम तिथूनच सुटली. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत; मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अर्थात मी वकील नाही, डॉक्टरही नाही. तुमच्या पॉलिसीतल्या अटी आधी बघा.

एक वेगळं सांगते. ‘प्रोटीन वाढवा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या इफर्ट प्रोटीन चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या सुमारे १,३०० रुग्णांचा अभ्यास होता. वजनाच्या किलोमागे रोज २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन देण्याचं ठरवलेले रुग्ण काही लवकर घरी गेले नाहीत. किडनी बिघडलेल्यांना उलट अपाय होत असावा असं दिसलं. अल्ब्युमिनची (शिरेतून देतात त्या रक्तातल्या प्रोटीनची) महागडी बाटलीही जेवणाची जागा घेत नाही. ती आणायला सांगितली तर कशासाठी, ते विचारा. सासरे बरेच दिवस उपाशी होते ना? मग पोषण पुन्हा सुरू झाल्यावर रक्तातलं हे सगळं बिघडू शकतं, म्हणून फॉस्फरस, पोटॅशियम आणि साखरेचे आकडे रोज विचारत जा.